कधी दिसणारे, कधी नाहीसे होणारे नकाशे : एकाच यूयूआयडीच्या दोन डिस्कांचं प्रकरण

साताऱ्यातलं एक खासगी मोजणी कार्यालय. रोज सकाळी दोन पार्ट्या टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक उपकरण) घेऊन शिवारात जातात, संध्याकाळी कच्चा डेटा घेऊन परततात आणि कार्यालयातले ड्राफ्ट्समन त्यावरून नकाशे काढतात. सगळ्यांच्या फायली एकाच यंत्रावर असतात. डेबियन ११ लिनक्स घातलेला साधा डेस्कटॉप, त्यावर सांबाने (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळ्यांना खुलं केलेलं 'मोजणी' नावाचं फोल्डर आणि आत तालुका, गाव, गट नंबर अशी उतरंड. सर्व्हर म्हणावं असं त्यात काही नाही, पण कार्यालय चालतं ते त्याच्यावरच.

२०२३ चा पावसाळा सरताना मला बोलावणं आलं तेव्हा तक्रार विचित्र होती. वीज जाऊन आली की काही नकाशे नाहीसे होतात. पुन्हा कधीतरी वीज जाते आणि तेच नकाशे परत येतात, पण मग मधल्या दिवसांचं काम दिसेनासं होतं. यूपीएसची बॅटरी थकलेली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्रही बंद पडायचं. ड्राफ्टिंग करणाऱ्या एक ताई हातात कागद घेऊनच आल्या. "सर, काल मी स्वतः सेव्ह केलं आणि लगेच प्रिंट काढली. ही बघा. आता फाईल उघडली तर पोटहिश्श्याच्या रेषाच नाहीत!" प्रिंटवर रेषा होत्या. स्क्रीनवर त्याच गट नंबराचा तीन आठवड्यांपूर्वीचा नकाशा होता.

मी पोचेपर्यंत कार्यालयात तीन निदानं होऊन गेली होती. व्हायरस आहे, सांबा जुनं काहीतरी धरून बसतं आणि कुणीतरी मुद्दाम जुन्या फायली वर टाकतंय. तिसऱ्या निदानापायी मालकांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलले होते आणि एका नव्या मुलाशी दोन दिवस कुणी धड बोलत नव्हतं. फायली मागे-पुढे व्हायला लागल्या की संशय यंत्राआधी माणसावर जातो.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, कारण ती कुणाला महत्त्वाची वाटली नव्हती. मे महिन्यात बाहेरच्या एका तंत्रज्ञाकडून त्यांनी १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कऐवजी तेवढ्याच मापाची एसएसडी बसवून घेतली होती. "जसंच्या तसं उतरवून दिलंय," असं सांगून तो गेला. जुनी डिस्क त्याने काढली नाही. "बॅकअप म्हणून राहू दे आतच." केबलसकट.

पहिली नजर

अशा वेळी मी आधी फायलींकडे बघत नाही. आत्ता हे यंत्र नेमकं कशावरून चाललंय, हे बघतो. फाइंडमाउंट ही आज्ञा माउंट झालेल्या, म्हणजे वापरासाठी लावलेल्या, प्रत्येक फाइल सिस्टमचा स्रोत दाखवते. इथे मूळ फाइल सिस्टम एसडीए२ वरून आली होती आणि 'मोजणी'चं फोल्डर एसडीबी४ वरून. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम एका डिस्कवरची, डेटा दुसऱ्या डिस्कवरचा. असं कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

मग एलएसबीएलके ही डिस्कांची यादी देणारी आज्ञा चालवली. नुसतं नाही, तर उणे-ओ लावून हवे ते रकाने मागून घेतले : नाव, आकारमान, मॉडेल, सिरियल, पार्टयूयूआयडी (विभागाचा ओळखक्रमांक), यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळखक्रमांक), लेबल आणि माउंट झालेली जागा. बहुतेक लोक एलएसबीएलके उणे-एफ इथेच थांबतात. त्यात सिरियलही नाही आणि पार्टयूयूआयडीही नाही, आणि या प्रकरणात सगळी गंमत याच दोन रकान्यांत होती. मॉडेल वेगळं, सिरियल वेगळा. उरलेलं सगळं दोन्ही डिस्कांवर अक्षर न अक्षर सारखं : ईएफआय विभाग (यंत्र सुरू करणारा), मूळ विभाग, स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरायची जागा) आणि डेटा, चारही जोड्या. एकाच गट नंबराचे दोन सातबारे निघावेत आणि दोन्हींवर तलाठ्याची सही असावी, तशी ही गत.

एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेल्या फायलीत, अर्थातच यूयूआयडी लिहिलेले होते. डेबियनचा इन्स्टॉलर ते तसेच लिहितो, आणि त्याला चांगलं कारण आहे. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि तो क्रम बदलू शकतो. म्हणून नावाऐवजी फाइल सिस्टमच्या आत कोरलेला १२८ बिटांचा क्रमांक वापरायचा. यादृच्छिक पद्धतीने काढलेल्या यूयूआयडीत १२२ बिट खरोखर यादृच्छिक असतात, त्यामुळे आपोआप दोन सारखे निघण्याची काळजी करायचं कारण नाही. काळजी करायची ती डीडीची, म्हणजे डिस्कची बाइटन् बाइट नक्कल करणाऱ्या आज्ञेची.

कुठली ओळख कुठे राहते

यूयूआयडी, लेबल, सिरियल ही सगळी 'डिस्कची ओळख' म्हणून एकाच टोपलीत टाकली जातात. प्रत्यक्षात ती चार वेगळ्या जागी राहतात आणि चारही वेगळ्या हातांनी लिहिलेली असतात.

सगळ्यात खाली सिरियल आणि मॉडेल. हे डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असतं, कारखान्यात लिहिलं जातं. स्मार्टसीटीएल उणे-आय किंवा एचडीपार्म उणे-आय (आय मोठा) दिल्यावर वाचता येतं. नेहमीच्या कुठल्याही आज्ञेने ते बदलता येत नाही आणि डिस्कची नक्कल केली तरी ते सोबत जात नाही.

त्यावर जीपीटी, म्हणजे विभागांचा तक्ता. त्याचा मथळा डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरात असतो, म्हणजे शून्यापासून मोजलं तर १ क्रमांकाच्या, आणि त्याची एक प्रत अगदी शेवटच्या सेक्टरात. मथळ्यात अख्ख्या डिस्कचा एक जीयूआयडी असतो, शिवाय प्रत्येक विभागाला स्वतःचा. हाच विभागाचा जीयूआयडी लिनक्समध्ये पार्टयूयूआयडी म्हणून दिसतो.

त्याच्या आत फाइल सिस्टमची ओळख. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टममध्ये विभागाच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टमच्या मूळ माहितीचा भाग, सुरू होतो. त्यात १०४ बाइट पुढे गेलं की १६ बाइटांचा यूयूआयडी आणि लगेच त्याला लागून १६ बाइटांचं लेबल. खात्री करायची तर हेक्सडंपला उणे-सी (सी मोठा) देऊन ११२८ वरून सुरू करून १६ बाइट वाचायला सांगा, बीएलकेआयडी ही आज्ञा जो यूयूआयडी दाखवते तोच बाइटाबाइटांत समोर येतो. एकदा तरी हे करून बघावं. मग डीडीने काय उचलून नेलं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे आहे ते सगळं, त्यात हे १६ बाइटही आले.

चौथी जागा कायमची नाही. यंत्र सुरू होताना यूडेव (उपकरणं ओळखणारा लिनक्सचा भाग) वरच्या तिन्ही जागा वाचतं आणि /डेव्ह/डिस्क या फोल्डरात बाय-आयडी, बाय-यूयूआयडी, बाय-पार्टयूयूआयडी, बाय-लेबल, बाय-पाथ असे दुवे तयार करतं. एका नावाचा दुवा एका वेळी एकाच उपकरणाकडे बोट दाखवू शकतो. दोन डिस्कांनी एकच यूयूआयडी सांगितला तर एक दुवा तयार होतो आणि तो दोघींपैकी कुठल्यातरी एकीकडे जातो. कुठल्या, हे त्या वेळच्या क्रमावर. एसएसडी क्षणात तयार होते, फिरत्या डिस्कला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. दीर्घ काळ वीज गेल्यानंतरची सुरुवात आणि नुसतं रीस्टार्ट यांतही फरक पडतो. मूळ फाइल सिस्टमचा निर्णय इनिटरॅमएफएस (सुरुवातीची तात्पुरती छोटी सिस्टम) एका क्षणी घेतं, डेटाचा निर्णय सिस्टमडी (पुढच्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) काही क्षणांनी घेतं, म्हणून दोन्ही निर्णय वेगवेगळ्या डिस्कांवर पडू शकतात. शिवाय यंत्र सुरू करणारा ग्रब कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) कुठल्या डिस्कवरून उचलतो हा निर्णय स्वतंत्रच, कारण तोही यूयूआयडीनेच शोधतो.

योगायोगाची एक भर इथे होती. दोन्ही डिस्का वेगवेगळ्या कंपन्यांच्या, तरी सेक्टरसंख्या तंतोतंत सारखी : ५१२ बाइटांचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर. १ टीबीच्या बहुतेक डिस्का याच संख्येच्या असतात. नवी डिस्क मोठी असती तर जीपीटीची शेवटची प्रत चुकीच्या जागी पडली असती आणि एसजीडिस्क किंवा पार्टेड या विभागांच्या आज्ञांनी त्याबद्दल कुरकुर केली असती. तेवढंही झालं नाही. नक्कल परिपूर्ण होती, आणि तोच तिचा दोष.

नोंदी काय म्हणाल्या

संशय पक्का झाला तरी मालकांना दाखवायला पुरावा हवा होता. पासवर्ड बदलून झालेल्या कार्यालयात 'डिस्कांचा गोंधळ आहे' एवढं सांगून भागत नाही.

डेबियन ११ पासून सिस्टमडीच्या नोंदी डिस्कवर कायम राहतात. दोन मूळ फाइल सिस्टम, म्हणजे नोंदींचे दोन ढीग. आत्ता चालू असलेल्या डिस्कवर या नोंदी वाचणाऱ्या जर्नलसीटीएलला सगळ्या बूटांची यादी मागितली. त्यात मोठाली भगदाडं होती. आठवडाभर यंत्र चालू होतं हे कार्यालयातल्या प्रत्येकाला माहीत, पण नोंदींत तो आठवडाच नाही. मग दुसऱ्या डिस्कचा मूळ विभाग एका बाजूला माउंट केला. तो करताना नुसतं 'आरओ' (फक्त वाचन) पुरत नाही. ईएक्सटी४ वाचनापुरतं माउंट केलं तरी अर्धवट राहिलेली जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) पूर्ण करायला डिस्कवर लिहितं. म्हणून 'आरओ'सोबत 'नोलोड' द्यायचं. जर्नलसीटीएलला उणे-डी (डी मोठा) देऊन त्या फोल्डरातल्या नोंदी वाचायला सांगितल्या, आणि पहिल्या ढिगातली भगदाडं दुसऱ्या ढिगाने बरोबर भरून काढली.

प्रत्येक बूटच्या कर्नल नोंदींत दोन प्रकारच्या ओळी शोधल्या. एक, कुठल्या एटीए पोर्टवर कुठल्या मॉडेलची डिस्क आली आणि तिला एसडीए नाव मिळालं की एसडीबी. दोन, कुठल्या विभागावरची ईएक्सटी४ फाइल सिस्टम माउंट झाली. या दोहोंतून कागदावर एक तक्ता झाला : तारीख, मूळ फाइल सिस्टम कुणाची, डेटा कुणाचा. ताईंनी आपली कामाची वही शेजारी धरली. त्यांच्या वहीत 'फाईल गेली' असं जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे तिथे तक्त्यात डेटाची डिस्क बदललेली होती. त्या नव्या मुलाचा विषय तिथेच मिटला.

एक जुनी तक्रारही यात उलगडली. ऑगस्टनंतर अधूनमधून यंत्र सुरू होतानाच अडायचं, 'व्हीफॅट' ही (ईएफआय विभागावरची) फाइल सिस्टम ओळखत नाही असं सांगून आणीबाणीच्या मोडमध्ये जायचं, आणि कुणीतरी बटण दाबून पुन्हा चालू केलं की कधीकधी नीट सुरू व्हायचं. कारण आता सरळ दिसत होतं. एसएसडीवरून चालू असताना आपोआप अपडेट होऊन कर्नल ५.१०.०-२३ वरून ५.१०.०-२५ वर गेला. हार्ड डिस्कला याचा पत्ता नाही. पुढच्या एखाद्या सुरुवातीला ग्रबने नवा कर्नल एसएसडीवरून उचलला, पण मूळ फाइल सिस्टम हार्ड डिस्कची लागली आणि तिच्यात त्या कर्नलची मॉड्यूलंच (गरजेनुसार जोडायचे त्याचे वेगळे भाग) नाहीत. डेबियनमध्ये व्हीफॅट मॉड्यूल म्हणून असतं, त्यामुळे ईएफआय विभाग माउंट होईना, आणि एफएसटॅबमध्ये तो अनिवार्य असल्यामुळे सगळंच थांबलं. डेटा गोंधळून जाण्यापेक्षा हे थांबणं खरं तर हितकारक होतं, पण दर वेळी कुणीतरी बटण दाबलं.

यंत्र अगदीच गप्प नव्हतं, हेही नोंदवायला हवं. सिस्टमडीने प्रत्येक सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की हे उपकरण दोन वेगळ्या वाटांनी दोनदा दिसलं. ओळ लाल रंगात होती. सुरू झालेल्या यंत्राच्या नोंदी कोण वाचतो?

याच जागी ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस ही फाइल सिस्टम असती तर? तिथेही कुठली प्रत आधी लागेल हे क्रमावरच ठरलं असतं. पण त्याच यूयूआयडीची दुसरी फाइल सिस्टम शेजारी माउंट करायला गेलं की एक्सएफएस सरळ नकार देतं. 'नोयूयूआयडी' पर्याय देऊन ती लावता येते, पण ते आपण मुद्दाम लिहावं लागतं. ईएक्सटी४ असं काही तपासत नाही. एलव्हीएम (अनेक डिस्कांची जागा एकत्र वाटणारी व्यवस्था) एकाच ओळखीचे दोन भौतिक खंड दिसले तर ओरडतं आणि त्यासाठी व्हीजीइम्पोर्टक्लोन नावाची वेगळी आज्ञाच पुरवतं. विंडोज अशा वेळी दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवतं. अनेक डिस्कांवर पसरू शकणाऱ्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टमची गोष्ट सगळ्यात धोक्याची. ते आपल्या सदस्य डिस्का यूयूआयडीनेच ओळखतं, त्यामुळे नक्कल आणि मूळ दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवणं म्हणजे डेटा खराब करायला निमंत्रण. या कार्यालयाचं नुकसान मर्यादित राहिलं, कारण ईएक्सटी४ ने दोन्ही डिस्का निदान वेगवेगळ्या, आपापल्या जागी शाबूत ठेवल्या होत्या.

आधी डेटा, मग ओळख

मालकांना त्याच दिवशी ओळख बदलून हवी होती. मी नको म्हटलं. ओळख बदलण्याआधी दोन्ही डिस्कांवर काय आहे याची प्रत तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर घेतली. दोन वेगळ्या फोल्डरांत, एकमेकांत न मिसळता.

फायली उतरवणाऱ्या आरसिंकला कोरड्या सरावाचा उणे-एन, तपशीलवार यादीचा उणे-आय आणि चेकसमचा (मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा) पर्याय दिला की दोन झाडांतला फरक समोर येतो. फायली तीन गटांत पडल्या. फक्त एसएसडीवर असलेल्या, फक्त हार्ड डिस्कवर असलेल्या आणि दोन्हीकडे असून आत वेगळ्या. पहिले दोन गट सोपे. तिसरा गट डझनभर फायलींचा, पण सगळा वेळ त्यानेच खाल्ला.

इथे मोह होतो तो तारखेवर सोपवण्याचा : जी नवी ती खरी. या प्रकरणात तो नियम घातक ठरला असता. समजा एका नकाशावर सोमवारी एसएसडीवर तीन तास काम झालं. मंगळवारी वीज गेली, हार्ड डिस्क लागली आणि ताईंना जुनी फाईल दिसली. त्यांनी वैतागून त्यात एक कोपरा दुरुस्त केला आणि सेव्ह केलं. तारीख मंगळवारची, पण काम सोमवारच्या फायलीत. म्हणून ती डझनभर फायली ताईंनी आणि मी शेजारी बसून एकेक उघडल्या. निर्णय ताईंचा, कारण कुठल्या बांधाची रेषा खरी हे मला कळणं शक्य नव्हतं. टोटल स्टेशनचा कच्चा डेटा उपकरणाच्या मेमरीत अजून होता, त्यामुळे दोन जागी शंका आली तिथे बिंदू पुन्हा उतरवून पडताळले. काही नकाशे नव्याने काढावे लागले.

नाव कुणाचं बदलायचं

आता मुख्य काम. दोन डिस्कांपैकी एकीची ओळख बदलायची, पण कुठलीची? 'नवी डिस्क, नवं नाव' हे स्वाभाविक वाटतं आणि बहुतेक जण तेच करतात. मग एसएसडीवरचा एफएसटॅब बदला, ग्रबची मांडणी पुन्हा तयार करा, इनिटरॅमएफएस नव्याने बांधा, स्वॅपमधून पुन्हा उठण्याची सोय वापरत असाल तर तिथला यूयूआयडी बदला, फर्मवेअरच्या बूट नोंदीतला विभागाचा जीयूआयडी बदला. यातलं एक जरी राहिलं तर यंत्र सुरू होणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट सुरू होईल. मी उलट विचार करतो. ज्या ओळखीवर कुणी अवलंबून नाही ती बदलावी. एसएसडी रोजच्या वापरात राहणार होती, जुन्या डिस्कचं नाव आता कुणालाच नको होतं. तिचंच बदललं.

आधी यंत्र बंद करून जुन्या डिस्कची केबल काढली आणि फक्त एसएसडीवर यंत्र सुरू करून पाहिलं. सगळं नीट आलं, तेव्हा जुनी डिस्क माझ्या लॅपटॉपला यूएसबीच्या डॉकने जोडली. डॉकचा एक सापळा सांगून ठेवतो. काही डॉक डिस्कचा सिरियल न सांगता स्वतःचाच सांगतात. एलएसबीएलकेमधला सिरियल डिस्कवरच्या चिठ्ठीशी जुळेना, म्हणून स्मार्टसीटीएलला उणे-डी सॅट देऊन खरा सिरियल वाचला. यापुढच्या प्रत्येक आज्ञेत मी एसडीबी लिहिलं नाही, बाय-आयडीचा पूर्ण पत्ता लिहिला. लांबलचक असतो, पण एका अक्षराच्या फरकाने भलत्या डिस्कवर घाव बसत नाही.

आज्ञा अशा क्रमाने दिल्या. एसजीडिस्क उणे-जी (जी मोठा) दिलं की डिस्कचा आणि सगळ्या विभागांचा जीयूआयडी नव्याने यादृच्छिक होतो. एवढ्यानेच पार्टयूयूआयडीचा गुंता सुटतो आणि फर्मवेअरची बूट नोंद आता एसएसडीशीच जुळते.

मग ईएक्सटी४ चे दोन विभाग. ईएक्सटी४ ची मांडणी बदलणाऱ्या ट्यून२एफएसला उणे-यू (यू मोठा) आणि पुढे 'रँडम' दिलं, तर त्याने आधी नकार दिला : फाइल सिस्टम नुकतीच तपासलेली हवी. हा नकार योग्यच आहे. मेटाडेटाचे (फाइल सिस्टमच्या स्वतःच्या हिशेबाचे) चेकसम वापरणाऱ्या ईएक्सटी४ मध्ये त्या चेकसमांचं बीज यूयूआयडीतूनच काढलेलं असतं. यूयूआयडी बदलला की मेटाडेटाचा प्रत्येक चेकसम नव्याने लिहावा लागतो. बीज सुपरब्लॉकमध्ये वेगळं साठवायची सोय नंतर आली, आणि ती असेल तर यूयूआयडी चुटकीसरशी बदलतो. पण डेबियन ११ ने तयार केलेल्या फाइल सिस्टमवर ती नव्हती. म्हणून आधी तपासणीची आज्ञा ई२एफएससीके उणे-एफ, मग ट्यून२एफएस. फिरत्या डिस्कवर याला बराच वेळ लागतो आणि मध्येच वीज जाणं परवडत नाही. त्यांच्या यूपीएसचा इतिहास पाहता लॅपटॉपवर काम नेलं ते यासाठीच. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली होती, आणि डॉकला वेगळा यूपीएस.

स्वॅपला स्वॅपलेबल उणे-यू (मोठा यू) पुढे नवा यूयूआयडी देऊन बदलता येतो. तो यूयूआयडीजेन ही आज्ञा काढून देते. पण जुन्या डिस्कवर स्वॅप हवाच कशाला? वाइपएफएसने त्याची सही पुसून टाकली. ईएफआय विभागाची फॅट फाइल सिस्टम वेगळ्या जातीची. तिच्याकडे १२८ बिटांचा यूयूआयडी नसतोच, ३२ बिटांचा खंडक्रमांक असतो, चार-चार अंकांच्या दोन गटांत दिसतो. तो एमटूल्समधल्या एमलेबलला उणे-एन (मोठा एन) देऊन बदलता येतो, आणि डॉसएफएसटूल्सच्या ४.२ पासून फॅटलेबल उणे-आय देऊनही. इथेही पुसणंच पसंत केलं. डेटा ठेवायच्या डिस्कवर बूट होण्याची सोय ठेवून काय मिळवायचं?

पडताळणी करताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते. सगळं बदलल्यावर साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून बीएलकेआयडी चालवलं तर ते जुनाच यूयूआयडी दाखवू शकतं, कारण ते आपल्या साठवलेल्या यादीतून वाचतं. एलएसबीएलकेही डिस्क उघडून बघत नाही, यूडेवच्या नोंदी वाचतं. प्रत्यक्ष डिस्कवर काय आहे ते हवं असेल तर रूट होऊन बीएलकेआयडी उणे-पी चालवावं. नाहीतर बदल झालाच नाही असं वाटून माणूस तीच आज्ञा पुन्हा देत बसतो.

लेबलाबद्दल मालकांची एक हौस होती : मराठीत द्यायचं. ईएक्सटी४ चं लेबल १६ बाइटांचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि इथे काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे पाच चिन्हं. 'मोजणी'मध्ये म, ओकार, ज, ण आणि दीर्घ ईकार, बरोबर पाच. पंधरा बाइट, बसलं! 'जुनी मोजणी' मात्र बसत नाही, ई२लेबल ते सोळाव्या बाइटला कापतं. एक्सएफएसमध्ये १२ बाइट, म्हणजे चारच चिन्हं. जीपीटीच्या विभागनावाला ३६ यूटीएफ-१६ एकक मिळतात, तिथे 'जुनी मोजणी मे २०२३ पर्यंत' आरामात मावतं, आणि जुन्या डिस्कच्या विभागाला तेच नाव दिलं. एसएसडीचं फाइल सिस्टम लेबल मात्र मी रोमनमध्येच ठेवायला लावलं. आणीबाणीच्या मोडमध्ये जो काळा टेक्स्ट कन्सोल उघडतो त्याच्या फाँटमध्ये देवनागरी नसते, आणि ज्या क्षणी लेबल वाचायची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी चौकोन दिसले असते.

आता काय आहे

जुनी डिस्क यंत्रात परत गेली नाही. तिच्या अंगावर सिरियलचे शेवटचे चार अंक जाड पेनने लिहिले, तेच एसएसडीवरही, आणि ती कपाटात ठेवली. बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क आली. तिच्यावर रोज रात्री आरसिंक चालतं. एफएसटॅबमध्ये ती यूयूआयडीने लिहिली आहे आणि 'नोफेल' लावलं आहे, म्हणजे ती जोडलेली नसली तरी यंत्र तिच्यासाठी दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीत जाणार नाही. एफएसटॅबमध्ये हात घातल्यावर फाइंडमाउंटला उणे-उणे-व्हेरिफाय देऊन तो तपासून घेतला, मग सिस्टमडीला तो पुन्हा वाचायला लावलं. यूपीएसची बॅटरीही बदलली, पण तिचा या प्रकरणात दोष नव्हता. तिच्यामुळे उलट रोग लवकर कळला.

त्या तंत्रज्ञाशी मालकांचं बोलणं झालं. त्याचं म्हणणं, हजार ठिकाणी असंच करून दिलंय, कुठे काही झालं नाही. ते खरंही असेल. जुनी डिस्क काढून नेली तर डीडीने केलेली नक्कल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. त्रास फक्त दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या तर. म्हणून नक्कल संपताक्षणी, यंत्र पुन्हा सुरू करण्याआधीच, एकतर एक डिस्क सोडवावी किंवा तिथल्या तिथे एकीची ओळख बदलावी. पहिला बूट झाला की दोन्ही प्रतींचे रस्ते वेगळे होतात, आणि मग कुठली खरी हा प्रश्न आज्ञांनी सुटत नाही.

कार्यालयाच्या यंत्रावर एक छोटी तपासणी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) टाकून दिली. एलएसबीएलके उणे-एन उणे-ओ यूयूआयडी, त्यातल्या रिकाम्या ओळी ग्रेपने गाळून पुढे सॉर्ट, पुढे युनिक उणे-डी. उत्तर रिकामं आलं पाहिजे. काही आलं तर ते मालकांच्या मेलवर जातं. दोन किंवा जास्त डिस्कांचं एमडी रेड (अनेक डिस्का एकत्र जोडून वापरण्याची लिनक्सची सोय) किंवा बीटीआरएफएस असलेल्या यंत्रावर ही तपासणी जशीच्या तशी चालणार नाही. तिथे सदस्य डिस्कांवर एकच यूयूआयडी असणं नियमाला धरूनच असतं, त्यांना यादीतून आधी वगळावं लागेल.